नांगर टेकला की

नांगराच्या चौथ्या तासाला, म्हणजे चौथ्या ओळीला, बांधापासून निम्म्यावर ट्रॅक्टरचा आवाज बसायला लागला. बापूनं ॲक्सिलेटरचा दांडा पार शेवटपर्यंत ओढला, तरी इंजिन चढेना. घरघरत ते आणखी पाच-सात हात गेलं, आणि आता बंद पडणार एवढ्यात बापूनं नांगर उचलला. उचलल्याबरोबर ट्रॅक्टर पुन्हा ठणठणीत, जणू काही झालंच नव्हतं. नांगर टेकला, की पुन्हा तेच रडगाणं.

मे २०२० मधली गोष्ट. पुण्यातलं ऑफिस मार्चमध्येच लॅपटॉपात मावलं होतं आणि मी बायकापोरांसकट गावी येऊन पडलो होतो. दुपारपर्यंत मीटिंगा, नंतर रान. आमचं रान पलूस तालुक्यात, कृष्णेकाठी. ऊस तुटून गेला होता आणि खोडवा मोडायचा होता. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: उसाची खोडकी मुळांसकट उलथून काढायची, आणि तीही उन्हानं भेगाळलेल्या काळ्या रानातून. ही माती ओली असताना पायाला चिकटते, वाळली की विटेसारखी होते. ट्रॅक्टरचा कस लागतो तो इथं. वर्षभर ट्रॉली ओढणं, फवारा मारणं ही त्याच्या हिशेबात सुट्टीची कामं.

ट्रॅक्टर म्हणजे आण्णांची मॅसी. मॅसी फर्ग्युसन १०३५, मद्रासच्या टॅफे कंपनीची. आण्णांनी दुसऱ्याकडून घेतली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य सरलेलं होतं. मूळचा लाल रंग आता बॉनेटच्या आतल्या बाजूलाच काय तो दिसतो. इंजिन तीन सिलिंडरचं, सिम्पसनचं, म्हणजे घराणं इंग्लंडातल्या पीटरबरोच्या पर्किन्सचं. ताकद पस्तीसेक हॉर्सपॉवर. आता गावात पन्नास-पंचावन्नच्या खाली कुणी बोलत नाही, त्यामुळे मॅसी रस्त्यानं निघाली की पोरं हसतात. हसू देत. नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढत न्यायच्या ऐवजी तीन दांड्यांनी त्याच्या अंगालाच जोडायची युक्ती हॅरी फर्ग्युसनची. माती घट्ट लागली की वरच्या दांड्यावर रेटा येतो, तो नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकला कळतो आणि नांगर आपोआप किंचित वर येतो. माती मऊ लागली की खाली बसतो. १९४६ साली निघालेल्या त्याच्या करड्या ट्रॅक्टरात हे होतं आणि आमच्या मॅसीतही आहे. आमचे तात्या म्हणतात, "ही रान चाखत चाखत चालती."

म्हणून पहिला संशय हायड्रॉलिकच्या दांड्यावर. नांगर फार खोल जातोय, आणि चाखणं बंद पडलंय. बापूनं खोली कमी केली. चार तासांच्या जागी सहा तासं निघाली आणि पुन्हा आवाज बसला. मग त्यानं एक फाळ काढून ठेवला. आठ तासं. एवढ्यावरून कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण आमच्या डोक्यात त्या वर्षी एकच गोष्ट होती: पूर.

ऑगस्ट २०१९ चा पूर. गोठ्यात पाणी मागच्या चाकाच्या वर चढलं होतं. आम्ही जनावरं काढली, माणसं काढली, मॅसी राहिली. पाणी उतरल्यावर तिचं ऑइल, डिझेल सगळं खाली केलं, टाकी धुतली, फिल्टर बदलले, नवं ऑइल घालून इंजिन थोडा वेळ चालवलं आणि तेही काढून पुन्हा नवं घातलं. ती सुरू झाली त्या दिवशी आईनं तिला हळदीकुंकू लावलं. त्यानंतर गावात काहीही बिघडलं की कारण तयार असायचं. भिंतीला तडा गेला, पूर. म्हैस आटली, पूर. एकाच्या पोराचं लग्न मोडलं तेही त्यानं पुरावर घातलं, कारण घराला ओल होती. मॅसीचा दम गेला म्हटल्यावर बांधावर जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "पंपात पाणी गेलंया पुराचं. पंप गेला."

आमच्यापासून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. १९१० साली ती वसली, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आधी बेळगावात केले होते. तेव्हा ते कुणी घेईनात, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. लहानपणी हे ऐकून मी खूप हसलो होतो. त्या दिवशी बांधावर मात्र मीही मान डोलावत होतो, पंपच गेला म्हणून.

पंप म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून सोडणारा पंप, खर्चाचं काम. तालुक्याची दुकानं त्या महिन्यात कधी उघडी, कधी बंद. एकानं अर्धं शटर वर करून सांगितलं, पंप ठेवून जा, कॅलिब्रेशन करून ठेवतो, कधी मिळेल ते विचारू नका. माझी छाती होईना. त्याऐवजी इंजिनात डिझेल फवारणारी तिन्ही नोझलं काढून तपासायला दिली. एकाची फवारणी थेंब थेंब गळत होती, ते बदललं. साडेतीन हजार गेले. सकाळी थंड इंजिन सुरू करताना येणारा पांढरा धूर कमी झाला हे खरं, पण खोडव्यात काही फरक नाही. मी मोबाईलवर तासन्‌तास व्हिडिओ बघत होतो. प्रत्येक जण एक भाग काढून दाखवायचा आणि हाच तुमचा दोष म्हणून छातीठोक सांगायचा. त्या हिशेबानं मी सगळंच बदलायला हवं होतं.

तात्यांनी ट्रॅक्टर कधी हाकला नाही, आयुष्य बैलांवर काढलं. ते नांगरटीकडं बघत झाडाखाली बसलेले असायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बैल धापा टाकाय लागला तर आदी नाकपुड्या बघायच्या का खूर?"

नाकपुडी म्हणजे एअर क्लीनर. आमचा जुन्या पद्धतीचा आहे, खाली तेलाची वाटी असलेला. हवा आत येताना तेलावर आपटते, धूळ तेलात राहते. वाटी उघडली तर तळाला बोटभर गाळ, वरची जाळी चिखलानं लिंपलेली. पुरानंतर सगळं धुतलं होतं, हे राहिलं होतं. लाज वाटली. डिझेलनं जाळी धुतली, नवं तेल भरलं आणि रानात गेलो. आधी आवाज बसताना सायलेन्सरमधून काळा लोट निघायचा, तो थांबला. ओढही वाढली. मी तात्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो. वीस मिनिटांनी मॅसी पुन्हा बसली.

फक्त आता धूर नव्हता. आणि नेमकं हेच माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं मेस्त्रींच्या. शेजारच्या गावचे, सत्तरीचे. आयुष्यभर नदीवरच्या पाण्याची इंजिनं दुरुस्त केलेली. एम-ऐटीवरून आले, तोंडाला रुमाल, आणि दहा फूट लांबच उभे राहिले. ते करोनाला भीत असावेत असं मला वाटलं. पण त्यांना आवाज ऐकायचा होता. मी गोठ्यासमोर मॅसी सुरू करून रेस करून दाखवली. झकास. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दादा, हितं काय दावताय? दारात समदीच पैलवान."

आण्णांचं असंच झालं होतं. पडून काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ, आणि पट्ट्यावर चालायला लावल्यावर चौथ्या मिनिटाला डॉक्टरांनी मशीन थांबवलं.

रानात गेलो. मेस्त्री नांगरामागून ढेकळांतून चालत राहिले, नजर सायलेन्सरवर. आवाज बसला तसे म्हणाले, "धूर कुटाय?"

मग त्यांनी बांधावर बसून जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण त्यांच्या भाषेतल्या दोन-तीन उपमा इथं छापता येणार नाहीत. डिझेल इंजिनात हवा प्रत्येक फेऱ्याला जवळपास तेवढीच जाते. वेग कमी-जास्त होतो तो डिझेलच्या मापानं. नांगरामुळं इंजिन मंदावलं की गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाला, ते कळतं आणि तो पंपाला सांगतो, अजून सोड. सोडलेलं डिझेल जळायला हवा पुरली नाही, तर काळा धूर येतो. म्हणजे काळा धूर टाकत बसणारं इंजिन बहुधा हवेला भुकेलेलं असतं. आणि गव्हर्नर "सोड, सोड" म्हणत असताना सायलेन्सर स्वच्छ राहून इंजिन बसत असेल, तर पंपाकडं सोडायला डिझेलच नाही.

"पंप गेला न्हाई. पंप उपाशी हाय."

मी डोक्यात आकडे मांडले, सवयच ती. मोकळ्यावर मॅसीला तासाला लिटरभर डिझेल पुरतं. नांगर लागला की सहा-सात लिटर. म्हणजे मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे मिलिलिटर, एका कप चहाएवढं. डिझेलची वाट तीन हिस्से बुजलेली असली, तरी दारात उभ्या ट्रॅक्टरला पत्ता लागणार नाही. गोठ्यासमोर कितीही रेस करा, तो ती चौथाई वाट पुरवून पुरवून खाईल. आठवडाभर मी दुरुस्तीनंतर दरवेळी आधी गोठ्यासमोर रेस करून खूश होत होतो.

मेस्त्रींनी पाना काढला नाही, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन मागितला. त्याच्या बुडाशी नळी बसवली, कॅनमध्ये गाळलेलं डिझेल भरलं. मडगार्डला एक बांबू बांधला, त्यावर कॅन टांगला आणि नळी थेट फिल्टरला जोडली. टाकी, कॉक, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, सगळं बाजूला. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फेस जाईपर्यंत डिझेल वाहू दिलं, मग पंपावरचे दोन स्क्रू, मग नोझलांच्या नळ्या. हवा निघाली.

"सलाईन लावलं," बापू म्हणाला.

त्या सलाईनवर मॅसीनं दोन्ही फाळ लावून, पूर्ण खोलीला, कॅन संपत येईपर्यंत नांगरलं. आवाजात बारीक थरथरसुद्धा नाही. खोडकी उलथून उताणी पडत होती. एवढं सरळ उत्तर मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालंय: कॅनपासून पुढचं सगळं शाबूत. पंप, नोझलं, पिस्टन, ज्यांच्यावर आठवडाभर आळ घेतला ते सगळे निर्दोष. जे काही आहे ते टाकी ते फीड पंप, दोन-अडीच हात वाटेत.

दोन-अडीच हातांना आम्हाला दीड दिवस लागला.

फीड पंपाची नळी काढून खालच्या हातदांड्यानं पंप मारला. जोरात धार. कॉक काढला, आतली जाळी बघितली. गंजाची थोडी पापडी होती, साफ केली. टाकीकडून येणारी नळी सोडून बाटलीत धार धरली. जाड, अखंड धार. रबराची नळी आतून फुगली असेल म्हणून ती बदलली. टाकीच्या तळाशी काही तरंगतंय का, म्हणून झाकण उघडून बॅटरी मारून बघितलं. स्वच्छ. सगळं जोडून रानात गेलो आणि वीस-पंचवीस मिनिटांत मॅसी पुन्हा बसली.

शिवाय एक विचित्र गोष्ट बापूनं सांगितली, जी तो आधीपासून सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. "टाकी फुल्ल आसली की लवकर मरती. निम्मी आसली की जरा टिकती." मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. टाकी भरलेली असेल तर उलट दाब जास्त, धार चांगली. मी त्याला तसं समजावूनही सांगितलं होतं, चांगलं पाच मिनिटं. मेस्त्री मात्र हे ऐकून गप्प झाले. बराच वेळ विडी ओढत बसले.

"आन ती बंद पडल्यावर तू काय करतूस?"

"काय न्हाई. धा मिंटं इसावा देतो. मग हुती चालू."

"इसाव्यात काय करतूस?"

"डिझेल बघतो काडी घालून. काटा मेलाय न्हवं."

डिझेलचा काटा पुरात मेला होता. त्यामुळे ट्रॅक्टर थांबला की बापू झाकण उघडून टाकीत निरगुडीची काडी बुडवायचा, ओल किती वर आली ते बघायचा, झाकण लावायचा. आणि मॅसी सुरू व्हायची. आम्हाला वाटायचं विसाव्यानं झाली.

मेस्त्रींनी बापूला सांगितलं, "आता बसली की उतरू नगंस. कशाला हात लावू नगंस." दोन फाळ, पूर्ण खोली. अठराव्या मिनिटाला आवाज बसला. इंजिन बंद पडलं. आम्ही तिघं चालत गेलो. मेस्त्रींनी झाकणावर हात ठेवला आणि हळूच, अगदी हळूच फिरवलं.

स्स्स्स.

टाकीनं मोठा श्वास आत घेतला. झाकण उचललं. त्याच्या खाली टाकीच्या तोंडावर प्लास्टिकचा एक तुकडा होता, आत ओढला जाऊन द्रोणासारखा झालेला.

डिझेल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती झाकणातल्या बारीक भोकातून येते. भोक बंद, तर टाकीत पोकळी होते आणि टाकी आपलं डिझेल मागं धरून ठेवते. म्हातारा फीड पंप तरी किती ओढणार! मोकळ्यावर डिझेल इतकं सावकाश जातं की कुठून तरी झिरपणारी हवा पुरते. नांगराला पुरत नाही. आणि टाकी भरलेली असली की वरची हवेची जागा थोडी, म्हणून तेवढंच डिझेल गेलं तरी पोकळी पटकन वाढते. बापूचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, माझी पाच मिनिटांची शिकवणी चूक. आणि आमच्या सगळ्या तपासण्या का पास झाल्या? कारण दरवेळी आम्ही आधी झाकण उघडून बघत होतो.

"ह्यो कागूद कुणी घातलाय?" मेस्त्रींनी विचारलं.

बापू माझ्याकडं बघेना. मीही त्याच्याकडं बघेना. ती दुधाची फाडलेली पिशवी होती, आणि ती मी घातली होती. पुरानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अवकाळी पाऊस धो धो पडत होता आणि मॅसी ताडपत्रीविना अंगणात उभी होती. झाकणाची वायसर गेलेली. पुन्हा टाकीत पाणी जाणार या धास्तीनं मी रात्री बॅटरी घेऊन उठलो, पिशवी कापली, दुहेरी करून झाकणाखाली गच्च बसवली. सकाळी पुण्याला निघून गेलो आणि विसरलो. थंडीभर मॅसीनं फवारे मारले, वैरण आणली, कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

"बापू, तुला दिसत नव्हता रे?"

"दिसत हुता की. रोज काढून परत नीट घालत हुतो." थोडा थांबून म्हणाला, "दादांनी लावलाय म्हटल्यावर..."

मेस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पैसे विचारले तर म्हणाले, पेट्रोलचे द्या. आईनं शेंगा आणि काकवीची बाटली त्यांच्या पिशवीत घातली.

संध्याकाळी मी झाकण रॉकेलनं धुतलं, सायकलच्या स्पोकनं भोक मोकळं केलं, जुन्या ट्यूबची वायसर कापून बसवली. पावसाचं काय, हा प्रश्न होताच. तात्यांनी अर्धी करवंटी आणून दिली, कडेला तीन खाचा पाडलेली. झाकणावर पालथी घातली की पाणी बाहेर, हवा आत. ती अजून आहे. पोरं आता हॉर्सपॉवरसोबत तिलाही हसतात.

खोडवा पुढच्या तीन दिवसांत मोडला. काटाही नंतर नवीन बसवला, तो बरोबर दाखवतो. तरी बांधावर ट्रॅक्टर थांबला की बापू करवंटी काढतो, झाकण उघडतो, काडी बुडवून बघतो. मी काही बोलत नाही.